शेवग्याच्या आडचं सासर

आमच्या गच्चीवरच्या खांबाला इंटरनेटच्या दोन थाळ्या हायत. एकीचं तोंड बारामतीतल्या डेअरीच्या ऑफिसाकडं, दुसरीचं इंदापूरजवळच्या त्यांच्या शीतगृहाकडं. दोन्हीकडचं बोलणं आमच्या घरावरनं जातं.

त्या थाळ्या जुळवायला येणारा माणूस बारामतीला माहेर म्हणतो अन् इंदापूरला सासर. पाना हातात घेऊन फोनवर वरडतो, "सासर रुसलंय, जरा डावीकडं वळवा!" आमची कारभारीण पदर तोंडाला लावून हसायची. जोडणी लागल्याबिगर तो चहाला शिवत न्हाय. मग गार झालेला उचलायला गेला, की ती कप काढून घ्यायची अन् नवा करून द्यायची.

ती गेल्यावर तो पहिल्यांदा आला, तवा सांत्वनाचा एक शब्द बोलला न्हाय. मला रागच आला. तिनं लावलेला शेवगा वाढून इंदापूरच्या थाळीच्या आड आला होता. फोनवर त्याचा साहेब म्हणाला, "तोडून टाक."

मी म्हणलं, "झाडाला हात लावलास तर गच्चीवरनं ढकलून देईन."

त्यानं माझ्याकडं बघितलं अन् फोनवर सांगितलं, "न्हाय जमायचं साहेब. घरच्या मालकीणबाई नको म्हणत्यात."

मग उन्हात उभं राहून त्यानं खांबाला वर दुसरा पाइप जोडला अन् थाळी शेवग्याच्या शेंड्यावर नेली. "आबा, सासर दिसलं!" म्हणत खाली उतरला अन् कपाला हात घातला.

मी कप काढून घेतला अन् नवा चहा टाकला.