माझ्या वाट्याची बंधुता

आमच्या पुढच्या खोलीत टीव्हीच्या वर राज्यघटनेची प्रास्ताविका फ्रेम करून लावलेली आहे. बाकीच्यांच्या घरी त्या जागी देव असतात, नाहीतर लग्नातला फोटो. आमच्याकडे बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्याशेजारी ही फ्रेम. बाबा कन्नडजवळच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. ज्या विषयाकडे परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा कुणी ढुंकून बघत नाही, तो त्यांनी आयुष्यभर जीव तोडून शिकवला. पोरं हाताला लागली नाहीत की मग आम्ही होतोच.

सव्वीस जानेवारीला सकाळी, झेंडावंदनाला जायच्या आधी, आम्ही तिघं त्या फ्रेमसमोर पाय जुळवून उभे राहायचो आणि ती वाचायचो. वाटण्या ठरलेल्या. सुरुवात आणि न्याय बाबांचा. स्वातंत्र्य आणि समानता आईची. तिला अक्षरओळख बेताचीच, पण आपला भाग तोंडपाठ होता. 'अभिव्यक्ती'पाशी ती दरवर्षी अडखळायची आणि दरवर्षी स्वतःवरच चिडायची. बंधुता आणि पुढचं शेवटपर्यंतचं सगळं माझं. आपला भाग संपला की बाबा आईकडे बघायचे, आईचा संपला की दोघं माझ्याकडे. मग कोपऱ्यावरच्या गाड्यावरची जिलेबी.

आता मी आयर्लंडमध्ये नर्स आहे, आणि मागच्या उन्हाळ्यापासून तिथली नागरिक. म्हणजे भारताची नाही. आपल्याकडे दोन्ही नागरिकत्वं ठेवता येत नाहीत.

त्या देशाची मी ऋणी आहे. हे वाक्य इथे कुणासमोर म्हणायची सोय नाही. म्हटलं की लोकांना वाटतं, पोरगी शेफारली. त्यांना आधी एक खाट दाखवायला हवी.

मी अकरावीला होते तेव्हा आम्ही कन्नडहून शहरात राहायला आलो. सिडकोत दोन खोल्या पाहिल्या होत्या. घरमालकीण आईशी आदल्या दिवशी इतकी गोड बोलली की आई परतताना एसटीत म्हणाली, बहीण मिळाली. दुसऱ्या दिवशी आम्ही टेम्पोत सामान घालून दारात उभे, खाट खाली उतरवलेली, आणि बाईंनी सहज विचारावं तसं आडनाव विचारलं. बाबांनी सांगितलं. बाई आत गेल्या, बाहेर आल्या, म्हणाल्या, अचानक गावाकडून पाहुणे येणार आहेत. टेम्पोवाला खाट परत चढवायला लागला. आई त्या खाटेवर बसली, टेम्पोच्या मागच्या बाजूला तोंड करून, आणि ते घर दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली. संध्याकाळी दुसरीकडे खोली मिळाली. तिथे बाबांनी सगळ्यात आधी खिळा ठोकला तो या फ्रेमसाठी. माझा राग त्या बाईंपेक्षा त्या फ्रेमवर होता. म्हटलं, हिचा उपयोग काय?

तेव्हापासून कुणी आडनाव विचारलं की सांगताना मी समोरच्याच्या डोळ्यांकडे बघते. तिथे काहीतरी हलतं. फार नाही, पण हलतं.

आयर्लंडमध्ये खोली घ्यायला गेले तेव्हा घरमालकीण एक म्हातारी होती. टपालपेटीवर चिकटवायला तिने माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं आणि सवयीने तिच्या डोळ्यांकडे बघितलं. काहीच हललं नाही. तिने एकेक अक्षर विचारून घेतलं, चिठ्ठी चिकटवली आणि म्हणाली, मासे तळलेस तर खिडकी उघडी ठेव, पडद्यांना वास बसतो. किल्ली माझ्या हातात दिली. मी दार लावून घेतलं आणि रडले. त्या रात्री फोनवर बाबांना फक्त किल्लीचं सांगितलं. इतक्या साध्या गोष्टीसाठी माणसाने एका देशाच्या प्रेमात पडावं का? मी पडले.

तिथे सगळं गोडच आहे असं नाही. एकदा बसथांब्यावर दोन पोरं माझ्याकडे बघून ओरडली की आपल्या देशात परत जा. लागलं ते लागलंच. पण त्यांनी रंग पाहिला होता, माझ्या बापजाद्यांची चौकशी केली नव्हती. मार नवा होता, एवढंच.

आणि एकटेपणा. तो मोजायचा कसा? वृद्धाश्रमात मी दिवसभर परक्यांच्या वडिलांना मोजे घालते, त्यांची नखं कापते, त्यांच्या मुलांच्या गोष्टी ऐकते. सुट्टीच्या दिवशी दुकानातल्या बाईने पिशवी हवी का विचारलं तर तेवढंच काय ते बोलणं. सुरुवातीला तिथल्या मराठी लोकांच्या गणपतीला गेले होते. बौद्ध घरातली मी, पण मराठी कानावर पडावी म्हणून गेले. जेवणाच्या रांगेत पुढच्या काकूंनी प्रेमाने वाढून दिलं आणि विचारलं, आडनाव काय गं तुझं? सातासमुद्रापलीकडे, हातात मसालेभाताची ताटली, आणि पुन्हा तेच. ज्यांना माझी भाषा कळते त्यांना माझं आडनावही कळतं. ज्यांना आडनाव कळत नाही त्यांच्याशी मराठीत बोलता येत नाही. मी पुन्हा त्या रांगेत गेले नाही.

नागरिकत्वाच्या शपथेला मोठं सभागृह होतं. जो तो आपली माणसं घेऊन आलेला. माझ्या शेजारच्या बाईची तीन पोरं पाहुण्यांच्या रांगेतून कागदी झेंडे हलवत होती. मलाही पाहुणा आणायची मुभा होती. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि बाबांना इतक्या लांब बोलवायचं मी मनातच रद्द केलं होतं. हात वर करून शपथ घेतली, सगळे वळून आपापल्या माणसांकडे बघायला लागले, तर मीही वळले. नुसतीच. मग एका अनोळखी माणसाने माझा फोटो काढून दिला.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, "बरं." आणि नळाला किती दिवसांनी पाणी आलं ते सांगायला लागले. त्यानंतर हा विषय आमच्यात कधी निघाला नाही. पाण्याचा रोज निघायचा.

या जानेवारीत मी घरी आले. पंचवीस तारखेला बाबांचे एक जुने सहकारी चहाला आले. लहानपणी त्यांनी मला सायकल शिकवली होती, त्यामुळे त्यांना बोलायचा हक्क होता. ते म्हणाले, "पोरी, समाजानं पोटाला चिमटा घेऊन तुला शिकवलं. त्याचं देणं कोण फेडायचं आता?" माझ्याकडे उत्तरं होती, नाही असं नाही. घरी पाठवलेल्या पैशांचं, वस्तीतल्या दोन मुलींच्या फीचं. पण मी बाबांकडे बघितलं. बाबा बशीतल्या चहावर फुंकर मारत राहिले. माझ्या बाजूने बोलले नाहीत, विरोधात नाहीत. तिथल्या रविवारी वाटलं नव्हतं इतकं एकटं मला माझ्याच घरात वाटलं. डोक्यात एकच फिरत होतं: उद्या सकाळी त्या फ्रेमसमोर मला जागा आहे की नाही?

संध्याकाळी जेवताना बाबांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "शपथ कुणाच्या नावानं असती तिकडं?"

मी म्हटलं, देशाच्या. राजा नाही, देव नाही. प्रजासत्ताक आहे.

"ते ठाऊक हाय मला. आपली मार्गदर्शक तत्त्वं त्यांच्याच घटनेवरनं घेतलीत." नागरिकशास्त्राचा मास्तर शेवटी. मग म्हणाले, "संगं कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

त्यांचा हात भाकरीवरच राहिला. मग त्यांनी ठेच्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

सकाळी ते पांढरा शर्ट घालून तयार. जिलेबी आणून कागदात झाकून ठेवलेली. ते फ्रेमसमोर जाऊन उभे राहिले. मी स्वयंपाकघराच्या दारातच थांबले.

"ये की," बाबा म्हणाले.

"बाबा, मी आता कसं म्हणू?" मी म्हटलं. "तुम्हीच शिकवलंय, शपथ म्हणजे खेळ नाही. मी दुसरीकडची घेतलीय."

"व्हय. म्हणून तर. आधी तुझी म्हण."

मला कळेना.

"तिकडं घेतली ती. ऐकायला कुणी नव्हतं म्हणालीस ना? म्हण. मी हाय."

ते माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. पाय जुळवले, हात सरळ खाली, मान ताठ, शाळेच्या मैदानात उभे राहायचे तसे. मी हात वर केला आणि त्या खोलीत, टीव्हीसमोर, माझ्या म्हाताऱ्या बापापुढे इंग्रजीतून ती शपथ पुन्हा घेतली. सभागृहात आवाज सगळ्यांमध्ये मिसळून गेला होता. इथे मला माझा ऐकू आला.

"झाली?"

"झाली."

"मराठीत सांग."

मी सांगितलं. देशाशी निष्ठेनं राहीन, कायदे पाळीन, लोकशाहीची मूल्यं मानीन.

त्यांनी जरा विचार केला. "बरंय," म्हणाले. "ह्यात वावगं काय नाय." मग चष्मा पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. "त्या म्हातारीनं किल्ली दिली तुला. आपण उपकार विसरणारी माणसं नव्हं."

आणि ते फ्रेमकडे वळले. मी त्यांच्या मागे एक पाऊल सोडून उभी राहिले. पाय जुळवले, हात खाली सोडले. या घरात पहिल्यांदाच मी ऐकणारी होते.

बाबांनी सुरुवात केली. न्याय झाला. इथे ते आईकडे बघायचे. पण ते थांबले नाहीत. त्याच दमात स्वातंत्र्य म्हणाले, समानता म्हणाले, 'अभिव्यक्ती'ला कुठे अडखळले नाहीत. मग माझी जागा आली. इथे ते वळून बघतील, मला वाटलं, आणि बघितलं तर काय करायचं ते मी अजून ठरवलं नव्हतं. ठरवावं लागलंच नाही. त्यांनी बंधुतासुद्धा सरळ म्हणून टाकली, मान न वळवता, शेवटच्या शब्दापर्यंत.

मी तिकडे गेल्यापासून माझा भाग तेच म्हणत आले होते, आणि मागच्या सव्वीस जानेवारीला आईही नव्हती. त्यांना तिघांचं एकट्याने म्हणायची सवय झाली होती.