मारोतीच्या गेममधलं भोक

मी मारोतीशी खोटं बोललो होतो. तेही दोनदा.

आज त्याला जाऊन सात वर्षं झाली. दरवर्षी या दिवशी आपल्या क्लासातला कुणीतरी म्हणतोच, "मलेरियानं नेला बिचाऱ्याला." मी मान हलवतो.

पुरे झालं आता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मारोती ढिवराघरचा. भद्रावतीपासून सायकलनं तासभरावर त्याचं गाव. बाबा तलावात मासे धरायचे. मी फॅक्टरीच्या कॉलनीतला. ओळख कॉम्प्युटर क्लासात झाली.

माझ्या घरी पीसी होता. त्याच्या वाट्याला क्लासातला रोजचा अर्धा तास अन् एक दोनशे पानी वही. घरी वहीत प्रोग्राम लिहायचा, अर्ध्या तासात धडाधड टाइप करायचा.

तरी गेम त्यानं बनवला. मी नाही.

सरकत्या टाइल्सचा गेम. पंधरा टाइल्स, एक जागा रिकामी. सरकवत सरकवत चित्र जुळवायचं. चित्रही त्यानंच माऊसनं काढलेलं. तलाव, डोंग्यात उभे त्याचे बाबा, अन् सगळ्यात खाली एक मरळ मासा. बाबांचं नाक जरा जास्तच मोठं झालं होतं.

फ्लॉपी देत म्हणाला, "तू पाह्य बे. खोट काढ."

"तूच पाह्य ना, गेम तुझा आहे."

"आमच्याकडं ज्यानं जाळं विणलं थो नाई पाहात. त्याचे डोळे सरावते, भोकं दिसतच नाई. दुसरा उन्हात धरून पाह्यते. जिथी भोक, तिथी बोट घालून दाखोते. मंगच जाळं पाण्यात."

चार दिवस खेळलो. कधी जुळायचं. कधी सगळं जुळून शेवटी माशाचं शेपूट पुढे अन् डोकं मागे राहायचं. तास तास डोकं फोडलं, त्या दोन टाइल्स काही जागेवर येईनात.

वाटलं, मलाच जमत नाहीये. अन् मी तर क्लासात पहिला! ढिवराच्या पोट्ट्यानं केलेला गेम मला सुटत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगू?

मग मी फीडबॅक लिहून दिला. दोन पानं!

रंग भडक आहेत. आवाज टाक. टाइमर लाव. बाबांचं नाक लहान कर.

त्यानं दोन्ही पानं नीट वाचली. "अन् सुटते का बराबर?"

"एकदम. दर वेळी सुटला."

हे पहिलं खोटं.

पानांवरचं सगळं त्यानं केलं. नाकसुद्धा लहान केलं. मग नागपूरला एका कॉम्प्युटर कंपनीत इंटरव्ह्यू. स्वतः बनवलेलं काही दाखव म्हणाले होते. साहेबांनी गेम लावला. बाकी सगळं जुळलं, मासा उलटा.

साहेब म्हणाले, "आता तू सोडवून दाखव."

लंचची सुट्टी होईपर्यंत मारोती त्यांच्यासमोर सरकवत बसला. नाही सुटला.

एसटीतून उतरून तो सरळ माझ्या घरी आला. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तुले तं दर वेळी जमला न? मंग मले काऊन नाई जमला? माह्याच हातचा गेम. मले डोकंच नाई का गड्या?"

तेव्हा तरी बोलायचं होतं. "मलाही नाही जमला रे." एवढंच.

मी म्हणालो, "टेन्शनमध्ये होते यार असं."

हे दुसरं.

त्यानं क्लास सोडला. वही मला देऊन टाकली, "तुह्या कामी येईन" म्हणाला. रस्त्याच्या कामावर भामरागडकडे गेला. पावसाळ्यात तिकडचे रस्ते बंद झाले अन् त्याला ताप चढला. पूर ओसरेपर्यंत सगळं संपलं होतं.

नागपुरात टेबलाशी बसला असता तो. पंख्याखाली.

पुढे मला कळलं. अशा गेममध्ये टाइल्स उचलून वाट्टेल तशा टाकल्या, तर निम्म्या वेळा चित्र जुळूच शकत नाही. ब्रह्मदेव आला तरी नाही. जुळलेलं चित्रच सरकवत सरकवत विस्कटायचं असतं. त्याची वही काढून पाहिली. त्यानंही टाइल्स तशाच टाकल्या होत्या. चार-पाच ओळींचा बदल होता.

गेल्या महिन्यात त्याच्या बाबांकडे गेलो. अंगणात जाळं पसरलेलं. सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या देतील. द्यायला पाहिजे होत्या.

त्यांनी जाळं बाजूला सारलं. मग म्हणाले, "म्हंजे थो ढ नोहता?"

"नाही भाऊ. आमच्यात सगळ्यात हुशार होता."

"मरेपरेंत त्याले तसंच वाटे बाबू."

मारोती, तुला श्रद्धांजली वाहायचं तोंड माझं नाही. तू मागितला होतास तो फीडबॅक तेवढा देतो.

तुझा गेम मलाही सुटला नव्हता.