सुनयनाच्या अंगणातली शाळा

माझ्या मोपेडचा ब्रेक लागतो, पण लागायच्या आधी तो थोडा विचार करतो. जानेवारीतल्या त्या संध्याकाळी त्याचा विचार लांबला आणि मी गल्ली ओलांडून थेट समोरच्या सुनयनाच्या अंगणात गेलो. चुन्याच्या फक्कीने काढलेली कसलीशी नक्षी होती, तिच्यावरून पुढचं चाक फरफटत नळापर्यंत पोचलं.

चूक झाली की मी विनोद करतो. तेहतीस वर्षं मास्तरकी केली, तेवढं एक अंगवळणी पडलंय.

"काय वं सुनयना, नाताळ तर होऊन गेला. ही रांगोळी कोन्त्या सणाची?"

सुनयना झाडू घेऊन बाहेर आली. दवाखान्यातून नुकतीच आलेली दिसत होती, आयांची निळी साडी अजून अंगावरच होती.

"रांगोळी नाई गुरुजी. अर्पिताचा धडा होता. तुमी 'भ'वरून गेले."

पाहिलं तर खरंच. दीड-दीड हाताची अक्षरं, 'भाकर'. त्यातल्या 'भ'चा पाय मी नळापर्यंत लांबवला होता. नऊ वर्षांची अर्पिता पलीकडे 'र'च्या शेपटावर अनवाणी उभी होती आणि माझ्याकडे कौतुकाने बघत होती. तिच्या आयुष्यात एखादं अक्षर कोणी इतक्या सहज मोडलेलं तिने प्रथमच पाहिलं असावं. सुनयनाने 'भ' झाडून काढला, वाटीतली फक्की घेतली आणि वाकून पुन्हा पहिल्यापासून काढायला लागली. वाकताना एक हात कमरेवर.

सुनयनाचं बाप्तिस्म्याचं नाव ॲग्नेस, पण त्या नावाने तिला फक्त चर्चचे फादर ओळखतात. तेलुगू मुलखातल्या गुडीहत्नूरच्या आमच्या मराठी गल्लीत ती अर्पिताची माय. मिशनच्या दवाखान्यात सकाळी आठ ते चार आया. नवरा अमरदीप भैंशाच्या कापूस जिनिंगचा ट्रक चालवतो, महिन्यातले पाच-सहा दिवस घरी असतो, आणि त्यातले दोन झोपण्यात जातात. अर्पिता एकुलती एक. तीन वर्षं इंग्रजी शाळेत गेली. तिथे इंग्रजी, तेलुगू आणि हिंदी, घरी मराठी. तिच्या वह्या आमच्या मथुराबाई आल्या-गेल्याला दाखवायच्या. मथुराबाई म्हणजे आमची बायको. सुनयना कामावर असली की पोरगी शाळा सुटल्यावर आमच्याचकडे असे. वह्या अशा की छापल्यासारख्या, पानापानावर लाल शाईची चांदणी. मीसुद्धा चष्मा पुसून पाहिल्या आणि वा म्हणालो. मास्तर माणूस, सुवाच्य अक्षराला भुलतो.

मग डिसेंबरात पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या विधीच्या, तयारीला रविवारचा वर्ग लागला. तिथल्या सिस्टरनी अर्पिताच्या हातात मराठी प्रार्थनापुस्तक दिलं आणि वाच म्हणाल्या. पोरीने ओळींखालून बोट फिरवत अख्खी प्रार्थना म्हटली. कुठे अडखळली नाही. सिस्टर शाबास म्हणणार, तेवढ्यात त्यांची नजर पुस्तकावर गेली. पुस्तक अनुक्रमणिकेवर उघडं होतं. बोट पानांच्या आकड्यांवरून फिरत होतं.

ही हकिकत सुनयनाने मला सांगितली तेव्हा मी हसलो. ती हसली नाही. त्या संध्याकाळी तिने घरी सगळ्या वह्या पुढे मांडल्या होत्या आणि एकेका शब्दावर बोट ठेवून विचारलं होतं, हे काय. पोरगी म्हणाली, "हे मॅडमनं फळ्यावर काढलं होतं." तीन वर्षं ती फळ्यावरचं चित्र काढावं तसं उतरवून घेत होती. वाचता तिला एकाही भाषेतला एक शब्द येत नव्हता.

शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, थोडी स्लो है, याच वर्गात अजून एक साल बसू द्या. अमरदीप म्हणाला, शेजारच्या जिल्ह्यात सिस्टरांचं वसतिगृह आहे, अशा पोरांना तिथे वळण लावतात. जूनमध्ये नेऊन घालू.

"नऊ वर्साचं लेकरू हाय ते," सुनयना म्हणाली.

"मंग काय नव्वद वर्साची झाल्यावर धाडू? तू दवाखान्यात, मी रोडवर. हिले शिकवंल कोन?"

"मी."

अमरदीप वाईट माणूस नाही. त्याने फक्त विचारलं, तुझी दहावी किती साली झाली. ती झालीच नव्हती. मग म्हणाला, ठीक, जूनपर्यंत तुझ्याकडं. माझ्यासमोर वाचून दाखवलं तर घरी राहील, नाई तर पेटी भरायची. सुनयनाने दुसऱ्याच दिवशी पोरीचं नाव शाळेतून काढलं.

गल्लीला विषय मिळाला. लोक शाळेत घालायला मरतात आणि ही काढून राह्यली. चर्चमध्येही एक-दोघींनी हळूच विचारलं, पोरीला काही बाधलंय का.

तिची पद्धत कुठल्या डी.एड.च्या पुस्तकात नाही. पोरीला सगळ्या प्रार्थना तोंडपाठ, रोज संध्याकाळी माळ जपणारं घर. सुनयनाने ठरवलं की तोंडात आहेत तेच, 'भाकर', 'स्वर्ग' असे शब्द घ्यायचे आणि जमिनीवर उतरवायचे. एका दिवशी एकच शब्द. पोरीने अक्षरावरून चालायचं, पाऊल ज्या अक्षरावर असेल तेवढाच आवाज काढायचा. तोंडाला पायाच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. आणि तोंड तर सवयीने पुढे पळायचं. पाय 'भा'वर असतानाच पोरगी 'भाकर' म्हणून मोकळी.

"मागं ये," सुनयना म्हणायची.

असं वीस-वीस वेळा. आवाज चढवायची नाही. चढवायला लागणारा जोर तिच्यात उरलेला नसायचा, असं मला वाटतं.

अर्थात मी मदतीला गेलो. मोडलेल्या 'भ'ची भरपाई म्हणून तिसऱ्या दिवशी खुर्ची घेऊनच गेलो. प्रत्येक अक्षराची मी एक गोष्ट रचली. 'ढ' म्हणजे ढेरपोट्या तलाठी, 'ळ' म्हणजे चष्मा घातलेला सरपंच, असं बरंच काही. पोरगी पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी तिला तलाठ्याची गोष्ट आली, सरपंचाची आली, दोघांच्या बायकांचीही आली. अक्षर एक आलं नाही. सुनयनाने माझी खुर्ची उचलून आमच्या ओट्यावर आणून ठेवली. मी रागावलो नाही. पण जेवताना मथुराबाईंनी विचारलं, "आज लवकर सुटली का शाळा?"

त्या उन्हाळ्यात सुनयनाला मी पुरती जागी अशी पाहिलीच नाही. दवाखान्यातून यायची, पाणी भरायची, सैपाक करायची, पाच वाजता वाटी घेऊन अंगणात. एप्रिलमध्ये ऊन असं की फक्कीवर पाय ठेवला की पोरगी नाचायची, म्हणून शाळा पहाटे पाचला गेली. एकदा मी ओट्यावरून पाहिलं, पोरगी 'स्व'वर उभी, आणि माय खांबाला डोकं टेकून झोपलेली. पोरगी हलली नाही. एक पाय अक्षरावर ठेवून तशीच उभी राहिली, बराच वेळ. शेवटी दुधवाल्याच्या भोंग्याने सुनयना दचकून उठली आणि म्हणाली, "मागं ये." पोरगी मागे गेली.

"लेकरू शिकंल का नाई माहीत नाई," मथुराबाई म्हणाल्या, "माय मात्र वाळून चालली."

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पोरीला ताप आला. उतरला तेव्हा अर्धी अक्षरं त्याच्याबरोबर गेली होती. 'म' पाहून ती 'स' म्हणाली, मग 'भ' म्हणाली, मग मायच्या तोंडाकडे बघत एकेक अक्षर म्हणून पाहायला लागली, कुठे मान हलते ते बघत. सुनयनाने वाटी पायरीवर ठेवली आणि शेजारी बसली. मी चहाचा कप घेऊन गेलो, तर ती म्हणाली, "आज कोनी काई इचारू नका मले." कप घेतला मात्र. दुसऱ्या पहाटे अंगणात पुन्हा 'म' होता, एकटाच.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी अमरदीप घरी होता. चर्चमधली मिस्सा आटोपून सगळे आले, आणि त्याने वसतिगृहाचा भरलेला अर्ज टेबलावर ठेवला. मग मला हाक मारली.

"गुरुजी, तुमीच लिवून द्या काईतरी. घरातलं सारं पाठ हाय तिले. मायनं परार्थना समोर ठेवली त मी फसन."

म्हणजे परीक्षक मी. सुनयनाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती बिनंती काही नव्हती, फक्त काळजी होती की आता हा माणूस काय लिहितो. मी बराच विचार केला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: आमच्या मांजराला अंबाडीची भाजी आवडते.

पोरगी कागदासमोर जमिनीवर बसली. टाचा हलत होत्या.

"आ... म... च्या." थांबली. "मां... ज... रा... ला." पुन्हा थांबली. आणि मग एका दमात, हसून म्हणाली, "दूध आवडते."

अमरदीपने मान खाली घातली. त्याला आनंद झाला नाही, हे मी शपथेवर सांगतो. सुनयनाने डोळे मिटले. मांजर आणि दूध, दुसरं काय असणार, पोरीचं तोंड आपल्या जुन्या वाटेने पळालं होतं. अर्ज टेबलावर पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होता. मला माझ्या त्या वाक्याची लाज वाटली. साधं 'बाबा घरी आले' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

कोणीही 'मागं ये' म्हटलं नाही. पण पोरीचं बोट आपणहून मागे गेलं.

"दूध नाई," ती म्हणाली. "इथं 'द' नाईच." बोट पुढे सरकलं. "अं... बा... डी... ची." तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, मांजर काऊन अंबाडी खाईल?"

"आमचं खाते," मी म्हणालो.

ओळ पुरी व्हायला पाच-सात मिनिटं लागली असतील. अमरदीपने तो कागद घेतला, स्वतः एकदा वाचून पाहिला, मग अर्जाची घडी करून खिशात घातली. फाडला नाही.

"नाताळापर्यंत राहू दे," तो म्हणाला. "पन तेलुगू? हिंदी? इंग्रजी?"

सुनयना आत जाऊन भात टाकून आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. सात महिने मिळाले होते. म्हणजे सात महिन्यांच्या पहाटा. मला वाटलं होतं ती हसेल, निदान क्रूसाची खूण करेल. तिने फक्त मान दोन्ही खांद्यांवर एकेकदा वाकवून घेतली.

मी गहिवरलो होतो, आणि गहिवरलेला मास्तर फार धोकादायक असतो. मी म्हणालो, "सुनयना, उद्यापासून मी रोज येतो. अर्धी शाळा माझ्याकडं दे, तू जराशी झोप. येऊ ना?"

"या," ती म्हणाली, "पन तोंड उघडू नका."