चार बोटं उंच

जीपचे चारही टायर टकले झाले तेव्हा माझी झोप उडाली, पण ती अपघाताच्या भीतीने नव्हे. नवे टायर कुठल्या मापाचे घालायचे हेच मला ठरवता येईना.

जीप माझी नव्हती. मुलुंडच्या डोंगराजवळ ज्यांची दगडाची खाण होती त्या शेठची. मी त्यांच्याकडे मोजणी आणि देखरेखीला होतो, वाकोल्याहून रोज जायचो, म्हणून लष्कराच्या लिलावात घेतलेली ती जुनी जीप त्यांनी माझ्या ताब्यात दिली होती. "टायर तुझ्या पसंतीने घाल," म्हणाले आणि मोकळे झाले. माझ्यासारख्याला पसंती विचारू नये. मी साधी चप्पल घ्यायला गेलो तरी दुकानदार कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

मूळ माप होतं सहाशे-सोळा. म्हणजे टायर सहा इंच रुंद आणि आतली रिम सोळा इंचाची. त्याच्या वर सातशे, आणि त्याच्याही वर साडेसातशे. जसजसा टायर रुंद तसतसा तो उंचही, आणि त्याबरोबर सगळी गाडी उंच. माझा रस्ता तीन हिस्से डांबराचा आणि शेवटचा एक हिस्सा खाणीचा, जिथे ट्रकच्या चाकांनी खोल चर पाडलेले होते आणि मधल्या उंचवट्यावर जीपचं पोट रोज घासायचं. डांबराचा विचार केला तर सहाशेच बरे. खाणीचा केला तर साडेसातशे. मी सकाळी वाकोल्यात सहाशेवर ठाम असायचो आणि दुपारी खाणीत साडेसातशेवर.

घाटकोपरला वाटेवर एक टायरवाला होता. महिनाभर मी त्याचं डोकं खाल्लं. त्याने मला सगळं नीट सांगितलं होतं. मोठ्या टायरला रुंद रिम लागेल, स्टिअरिंग जड होईल, चढावर गाडी दम टाकेल, मीटरचा काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवेल, आणि पूर्ण वळवलं की चाक पत्र्याला घासेल. "घासलं तर स्प्रिंगच्या कमानीत एकेक पाटा वाढवू, गाडी अजून वर उचलेल," तो म्हणाला. "पण साहेब, तुम्ही गाडी चालवता कुठे जास्त? सिटीत ना? मग कशाला उगाच वाट लावून घेता?"

हे ऐकून शहाण्या माणसाने सहाशे घेतले असते. मी साडेसातशे घेतले आणि पाटेही वाढवून घेतले. खाणीचं कारण पुढे केलं, पण खरं सांगायचं तर सांताक्रूझच्या सिग्नलला बाकीच्या गाड्यांकडे वरून बघायचं होतं मला. पस्तिशीतल्या माणसाने कबूल करू नये अशी ही गोष्ट आहे.

टायर घालून आलो त्या दिवशी बायकोने चारही चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मी टेप घेऊन जमिनीपासून पत्र्यापर्यंतची उंची मोजली. आधीपेक्षा बरोबर चार बोटं जास्त. बाबा ओट्यावर बसून बघत होते. "झकास," असं मीच म्हटलं.

बाबांना आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा पाय आणि थोडा हात गेला, मग हळूहळू परत येत होता. आयुष्यभर गिरणीच्या साच्यांसमोर उभं राहिलेला तो माणूस एका खुर्चीत बसवला गेला होता. आठवड्यातून तीनदा मी त्यांना सकाळी पार्ल्याच्या दवाखान्यात व्यायामाला सोडायचो. येताना ते दमलेले असायचे, तेव्हा रिक्षाने यायचे. जाताना मात्र जीपच. रिक्षा ही आजाऱ्याची गाडी, असं त्यांचं मत होतं. जीपला दार नव्हतं, पत्र्याच्या खाचेतून पाय आत टाकायचा. डाव्या हाताने काचेची चौकट धरायची, उजवा पाय उचलून आत ठेवायचा आणि अंग ओढून घ्यायचं. दिवसभरात कुणाच्या आधाराशिवाय ते एवढी एकच गोष्ट करायचे. मी हात पुढे केला की खेकसायचे, "सोड. माझा मी चढतंय."

नवे टायर आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांचा पाय पत्र्याच्या कडेला लागला आणि खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा लागला. चाळीतले दोघं-तिघं बघत होते. "आज नको," बाबा म्हणाले आणि भिंतीला धरत परत गेले. पुढच्या खेपेलाही नको म्हणाले. त्यानंतर मी विचारायचंही सोडलं.

बायकोने तोडगा काढला, खाली पाट ठेवू, त्यावरून चढतील. बाबांनी तो उडवून लावला. "पाटावर उभा रवाक मी काय नवरो?" मी पत्र्याला खाली लोखंडी पायरी जोडायचं म्हटलं, पण ती खाणीतल्या दगडांनी आठवड्यात वाकली असती. मग मला स्वतःचाच राग यायला लागला आणि तो मी सगळ्यांवर काढू लागलो. गाडी चालवताना त्या मोठ्या टायरांची गूंगूं डोक्यात बसायची. स्टिअरिंग ओढून खांदे दुखायचे. सिग्नलला वरून बघायचीही मजा राहिली नाही.

त्यात आणखी एक कटकट. आमची खोली तळमजल्यावर, आणि बाहेर चाळीचा सामाईक ओटा, जीपच्या आधीच्या तळाइतकाच उंच. त्या ओट्याच्या कडेवर कुणीतरी रोज एक वीट ठेवून द्यायचं. संध्याकाळी मी खाणीवरून धुळीने माखून यायचो आणि ती दिसली की डोकं फिरायचं. कुणाच्या पायाला लागली म्हणजे? शेजारच्यांवर तोंडसुख घ्यायचो, वीट उचलून पाण्याच्या टाकीमागे फेकायचो. दुसऱ्या दिवशी ती परत तिथेच. बाबा आतून सगळं ऐकत असायचे. एकदा बायको काही सांगायला लागली तर त्यांनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. ते मी पाहिलं, पण तसं का ते विचारण्याइतकं स्वास्थ्य माझ्याजवळ नव्हतं. शिवाय आमच्या घरात कुणी कुणाला विचारत नसे. ज्याने त्याने आपापलं ठरवायचं आणि करून टाकायचं, मग दुसऱ्याने ते सोसायचं.

तसंच मी ठरवलं. एका रविवारी घाटकोपरला गेलो, वाढवलेले पाटे काढले, जुन्या रिम परत चढवल्या, त्यावर नवे सहाशे-सोळा. टायरवाला हसला. मोठे टायर रिमसकट खाणीवरच्या दुसऱ्या जीपला गेले. घरी कुणालाच सांगितलं नाही. बाबांना चकित करायचं होतं.

सोमवारी सकाळी म्हटलं, "बाबा, चला, पार्ल्याला."

मला वाटलं होतं आढेवेढे घेतील. ते लगेच उठले. शर्ट आधीच घातलेला होता. बायको दारात येऊन उभी राहिली, तिच्या तोंडावर हसू होतं. बाबांनी चौकट धरली, श्वास घेतला आणि उजवा पाय उचलला.

पाय वर गेला. पत्र्याच्या कडेच्या खूप वर, चार बोटं तरी वर, आणि तिथे हवेतच थांबला. टेकायला काही नव्हतं. मग तो खाली आला आणि तळाच्या पत्र्यावर धाडकन आपटला. त्यांचा तोल गेला, मी दंड धरला. या वेळी ते खेकसले नाहीत. आत बसले आणि बाहेर वाकून चाकाकडे बघितलं.

"चाकां बारकी केलंस?"

"हो. तुम्हाला चढायला त्रास होत होता ना."

"माका इचारलंस?"

मी गाडी सुरू केली. वाकोल्याचा नाका आला. मग ते समोर बघतच म्हणाले, "काल तीनदा चढलंय. इटेवर."

पुढचा रस्ता मला आठवत नाही. वीट आठवते. ओटा आधीच्या जीपइतका, आणि त्यावर विटेची जाडी, बरोबर चार बोटं. मी घरी नसताना ते टाकीमागून वीट हुडकून आणायचे, त्या एका हाताने, रोज, आणि खाली उभं राहून तिच्यावर पाय टाकायचे. आणि मी रोज ती उचलून फेकत होतो, वर शिव्या देत होतो. मला रडू आलं, पण गाडी चालवताना रडणं बरं दिसत नाही म्हणून मी हॉर्न वाजवत राहिलो.

त्या संध्याकाळी घरी आलो तर ओटा मोकळा होता. मी टाकीमागे गेलो, वीट शोधली, फडक्याने पुसली आणि ओट्याच्या कडेवर तिच्या जागी नीट ठेवली.

बाबा खिडकीतून बघत होते.

"आता कित्याक?" ते म्हणाले.