सालोमीबायची उंच दाढ

सालोमीबाय आमच्या आगाशीची. चाळीस वर्षं डोक्यावर भाजीची पाटी. नवरा लवकर गेला, पोरी परदेशात गेल्या, वाडी एकटीने शिंपली. काहीही विचारा, उत्तर एकच: चालेल.

याच शब्दाने घात केला. माणिकपूरला डॉक्टर एलिनाने दाढेवर कॅप बसवली, तेव्हा तोंड बधिर होतं. "उंच लागते का?" विचारलं, तर ही म्हणाली, "चालेल." मग महिनाभर पेज. कानशील ठणकायचं. दुसऱ्या बाजूला दाढा नाहीतच.

"बळीराम, चल माझ्याबरोबर," मला म्हणाली. "दाढ काढूनच टाकते. दमले मी."

"आणि चावशील कशाने?"

"गिळेन."

दवाखान्यात एलिना म्हणाली, "आंटी, काढायची घाई नको. आधी दात कसे मिटतात ते बघू." तिने दातांमध्ये पातळ निळा कागद धरला. "कटकट चावा. आता डावीउजवीकडे घासा." कॅपवर ठिपका उमटला, मध्ये पांढरा, कडेने निळा. सगळा भार तिथेच पडत होता.

मी फिटर होतो. बेअरिंग बसवताना आम्ही असंच निळं लावायचो आणि जिथे डाग उठेल तेवढंच खरवडायचो. जास्त गेलं की परत भरता येत नाही. ही पोरगीही केसभर घासायची, पुसायची, पुन्हा कागद धरायची.

"आता?"

"चालेल."

"बाय, तू बाजारात नाहीस गिऱ्हाइकाला चालेल म्हणायला," मी म्हणालो.

"तू गप बस. पोरीची दुपार गेली माझ्यापायी."

"आंटी, तुम्ही खरं सांगितलं नाही तर मी चुकीचं घासणार." एलिनाने खुर्ची सरळ केली. "जेवता बसूनच ना? मग बसून चावा."

सालोमीबायने डोळे मिटले. बराच वेळ चावत राहिली.

"नाही," ती हळूच म्हणाली. "मागे आधी लागतं."

चार वेळा नाही म्हणाली. दर वेळी ओशाळली. पाचव्यांदा पुढचे-मागचे दात एकदम मिटले. कॅपवर एका जागी भार नव्हता, फिके ठिपके विखुरले होते.

"मग, दाढ काढू?" एलिनाने विचारलं.

"राहू दे. माझी आहे."

दुखणं उतरायला आठ दिवस लागणार होते. जिना उतरताना ती मध्येच पायरीवर बसली.

"थांब जरा. पुन्हा चावून बघते."

मी शेजारी बसलो. ती जबडा हलवून बघत होती, सावकाश, पुन्हा पुन्हा.