आंबट मातीचा पालक

आमचं वावर सौसरहून रामाकोन्याकडे जाताना टेकडीच्या उतारावर आहे. खाली नाल्याच्या अंगानं काळी जमीन आहे आणि तिथं संत्र्याचे बगीचे आहेत. वर आमची जमीन, तांबडी आणि बरड. माझ्या मुलीचे बाबा शहरात एका कार्यालयात शिपाई, त्यामुळे वावर पहिल्यापासून माझ्याच हाती. मी भाजीपाला लावायची आणि बाजारात स्वतः विकायला बसायची.

त्या मातीत पालक कधी नीट झालाच नाही. बी उगवायचं, थोडी पानं यायची आणि कडेकडेनं पिवळी पडायला लागायची. ढोरं विकल्यापासून शेणखत उरलं नव्हतं. युरिया टाकला की काही दिवस हिरवं दिसायचं, मग पुन्हा तेच.

ज्यांचा धुरा, म्हणजे बांध, आमच्या धुऱ्याला लागून आहे त्या शेजारच्या भाऊजींनी पहिल्यांदा तो गाळ आणला. दूरच्या एका मोठ्या शहराचं गटाराचं पाणी जिथं साफ करतात, तिथं तळाशी बसलेला गाळ वाळवून एक ठेकेदार ट्रकनं आणून टाकत होता. काळा, भुसभुशीत, हातात घेतला तर चहाच्या चोथ्यासारखा. त्यात केसांचे गुंते आणि शॅम्पूच्या पुड्यांचे तुकडे असायचे, ते मी वेचून काढायची. वास यायचा, पण पावसाळा झाल्यावर तोही राहिला नाही.

"वहिनी, घेऊन टाका," भाऊजी म्हणाले. "फुकटचं खत आहे. माह्यी मेथी पाहा, कशी उठून राहिली."

आम्ही घेतलं. त्या हिवाळ्यात माझ्या वावरात पालकाचं पान तळहाताएवढं झालं. एवढं गडद की बाजारात लोक दुरून बोट दाखवत. दुसऱ्या साली पुन्हा गाळ टाकला. धुऱ्यावर उभी राहून मी ती हिरवी पट्टी पाहत राहायची आणि वाटायचं, या मातीलाही शेवटी माझी दया आली.

त्याच हिवाळ्यात मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिचं सासर पांढुर्ण्याचं. आली तेव्हा चेहरा पांढरा फटक होता. दवाखान्यातल्या नर्सबाईनं तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाली, रक्त फार कमी आहे, गोळ्या घे आणि हिरवी भाजी खा. मुलीला ते सांगायची गरजच नव्हती. लहानपणापासून तिला फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, घातलेली पालकाची पातळ भाजी आवडायची. सकाळी उठल्या उठल्या विचारायची, "आई, वावरातून आणला का?" कढईच्या तळाला लागलेली भाजीसुद्धा ती भाकरीनं पुसून खायची. खाताना ती एक हात पोटावर ठेवायची. मी पाहायची आणि मन भरून यायचं.

मग एक दिवस मातीवाल्या मॅडम आल्या. त्या एका कृषी महाविद्यालयात शिकवायच्या. जिथं जिथं तो गाळ पडला तिथली माती आणि पानं त्या तपासायला नेत होत्या. पावसाळ्यानंतर त्या आमच्याकडूनही पिशव्या भरून घेऊन गेल्या होत्या. आता परत आल्या तेव्हा मी अंगणात पालकाच्या जुड्या बांधत होते. त्यांनी जुड्यांकडे पाहिलं आणि चहा नको म्हणाल्या.

"ताई, हा पालक विकू नका," त्या म्हणाल्या. "आणि घरी तर खाऊच नका."

"काहून जी?"

"यात कॅडमियम आहे. विषारी धातू. बॅटरीवाले, रंगवाले, मुलामा देणारे, सगळ्यांचं पाणी त्या शहराच्या गटारात जाते. ते गाळात उतरलं आणि गाळातून पानात आलं. जेवढं चालते त्याच्या कितीतरी वर आहे."

मला वाटलं, त्यांची काहीतरी चूक होत असेल. मी म्हटलं, खालच्या बगीच्यावाल्यानंही तोच गाळ टाकला, त्याच्या बांधावर पालक आहे, तो तर बाजारात माझ्या शेजारीच बसतो.

"त्याचाही तपासला. त्याच्यात फार कमी निघालं," मॅडम म्हणाल्या. "त्याची माती काळी, चुनखडीची. ती धातूला धरून ठेवते. तुमची माती आंबट आहे, आणि युरियानं अजून आंबट झाली. आंबट माती धातू सोडून देते. तो पाण्यात विरघळतो आणि मुळं पाण्यासोबत पिऊन घेतात. पालक तर सगळं पानातच साठवतो. झाडाला काही होत नाही. उलट छान दिसते."

"मग मातीतून काढता येते का?"

"नाही. धातू सडत नाही, उडून जात नाही. चुना टाकून माती गोडी करता येते, म्हणजे तो जागच्या जागी बांधला जातो. पण राहतो तिथंच."

"आणि जे खाऊन झालं?"

मॅडम माझ्या मागे पाहत होत्या. मी वळून पाहिलं. मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आठवा महिना लागला होता तिला. तिनं सगळं ऐकलं होतं.

"माह्या पोटातल्यानं किती खाल्लं, आई?" तिनं विचारलं. ती ओरडली नाही, रडली नाही. भाव विचारावा तसं विचारलं. मला आजही तो आवाज ऐकू आला की हातातलं काम थांबते.

दुसऱ्याच दिवशी मी आणि तिचे बाबा तिला घेऊन पांढुर्ण्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना आधी आम्ही काय म्हणतोय तेच कळेना. "पालक खाऊन कोणाला काही होते का?" म्हणून ते हसले. मॅडमनी फोनवर त्यांना समजावलं तेव्हा त्यांचं हसू गेलं. असली तपासणी इथं होत नाही, नागपूरला जा, म्हणाले. नागपूरला रक्त दिलं, लघवी दिली आणि परत येऊन वाट पाहत राहिलो. त्या दिवसांत मुलगी भाकरीसोबत फक्त मीठ-तिखट खायची. ताटात काहीही हिरवं दिसलं की ताट सरकवायची. मी दुकानातून वरणाची डाळ आणली तर विचारायची, "ही कुठली?"

तपासणीत आलं की तिच्या अंगात थोडं वाढलेलं आहे. थोडं म्हणजे किती, ते नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी आकड्यात सांगितलं, पण मला त्यातलं काही समजलं नाही.

"औषध द्या ना, बाई," मी म्हटलं. "निघून जाईल असं काही तरी द्या."

"असं औषध नाही, मावशी. हे मूत्रपिंडात जाऊन बसते आणि वर्षानुवर्षं तिथंच राहते. आता फक्त आणखी जाऊ द्यायचं नाही. आणि लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. रक्त कमी असलं की आतडं लोह शोधते, आणि लोह मिळालं नाही तर हेच ओढून घेते."

म्हणजे ज्यांच्या अंगात रक्त कमी, त्यांच्यातच ते जास्त शिरते. आमच्याकडे रक्त कमी नसलेली बाई कुठे आहे? माझ्या डोळ्यांसमोर माझ्याकडून जुड्या नेणाऱ्या बायका आल्या. त्यांतली एक तर पोटुशी होती, दर बाजारी घासाघीस करून एक जुडी जास्तीची न्यायची.

"आणि बाळाले?" मुलीनं विचारलं.

"पोटातली वार बरंचसं अडवून ठेवते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळं नाही. पण बरंचसं."

परत येताना बसमध्ये मुलगी खिडकीशी बसली होती. सौसर येईपर्यंत ती पुन्हा पुन्हा एकच शब्द पुटपुटत होती, "बरंचसं." तिच्या बाबांनी मला हळूच विचारलं, "तुह्यी नाही केली तपासणी? तू तर वावरात उभ्या उभ्या खायची."

"माह्यी राहू द्या," मी म्हटलं. तेव्हा मला माझ्याबद्दल काही जाणून घ्यायचंच नव्हतं.

वावरात पालक उभाच होता. मी एकटीनं तो मुळासकट उपटला. इतकं सुंदर पीक मी आयुष्यात काढलं नव्हतं. ढीग झाला आणि मग कळेना, याचं करायचं काय? बकऱ्यांना घालता येत नव्हतं. जाळलं तर राखेत राहणार, नाल्यात टाकलं तर खालच्या गावात जाणार. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, प्लास्टिकच्या पोत्यांत भरून ठेवा, मी कुणाला तरी विचारते. त्यांनी खरोखर विचारलं असेल. पण ती पोती न्यायला कोणी आलं नाही. अजूनही ती वावराच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहेत, आत सगळं चुरा होऊन गेलं असेल.

बाजाराच्या दिवशी मी नेहमीच्या जागी रिकामी टोपली घेऊन बसले. ओळखीची गिऱ्हाइकं आली तसं एकेकीला सांगत गेले: माझ्याकडून नेलेला पालक घरात असेल तर फेका, आमच्या उतारावरची मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, काहीच घेऊ नका. कोणी म्हणालं, बाई वेडी झाली. एका मास्तरांच्या बायकोनं सगळ्यांदेखत विचारलं, "दोन वर्षं विष खाऊ घातलं आणि आता सांगून राहिली?" मी मान खाली घातली. ती पोटुशी बाई आली नाही. तिचं घर कुठे ते मला ठाऊक नव्हतं, अजूनही नाही.

ज्यांनी माझं ऐकलं, त्या उठून पुढच्या ढिगाकडे गेल्या. तो ढीग शेजारच्या भाऊजींचा होता. तोच उतार, तीच माती, तोच गाळ. मी उठून तिथं गेले आणि म्हटलं, "हाही नका घेऊ, वो."

संध्याकाळी भाऊजी घरी आले. अंगणातच उभे राहिले.

"वहिनी, तुमी बाजार मोडून राहिल्या. तुमच्या घरी पगार येते. माह्या घरी काय येते?"

"भाऊजी, तुमच्या सुनेलेही लेकरं आहेत. ते काय खाऊन राहिले?"

"सारं जग खाऊन राहिलं. कोन मेलं? दाखवा मले एक मेलेला."

मी काय दाखवणार? कोणी मेलं नव्हतं. लवकर कोणी मरणारही नव्हतं. हे असं हळूहळू, हाडांत, मूत्रपिंडात, आपलं नाव न सांगता शिरणारं होतं. म्हातारपणी कोणाचं हाड मोडलं तर ते पालकामुळे असं कोण म्हणेल? भाऊजी खोटं बोलत नव्हते. ते घाबरले होते आणि मीही घाबरले होते. आम्ही दोघं अंगणात समोरासमोर उभे राहिलो आणि एकमेकांना देण्यासारखं आमच्याजवळ काहीच नव्हतं. पुढच्या बाजारी ते माझ्यापासून लांब, पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. त्यांचा माल दुपारच्या आत संपला.

बुद्धविहारात वंदनेनंतर मी बायकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकीनं विचारलं, "मग घ्यायचं कोणाकडून, ताई?" कोणाच्या वावरात काय पडलं आहे आणि कोणाची माती आंबट आहे हे जुडीकडे पाहून कसं कळणार?

मुलगी बाळंत झाली. नात झाली. वजन थोडं कमी भरलं, पण रडली जोरात. नर्सबाई वार पिवळ्या पिशवीत टाकत होती तेव्हा मी म्हटलं, "जरा पाहू द्या, बाई." ती वैतागली, पण तिनं पिशवी उघडी धरली. लाल-जांभळा लोळा, दुसऱ्या कोणत्याही वारेसारखाच. त्यानं किती अडवलं आणि किती जाऊ दिलं, ते त्याच्यावर कुठेच दिसत नव्हतं. मी तरीही हात जोडले. नर्सबाई माझ्याकडे पाहतच राहिली.

मुलीनं दूध पाजावं की नाही, यावर जावयाच्या घरून रोज फोन यायचे. तिची सासू म्हणायची, आईच्या घरचं खाऊन हे झालं, आता इकडे घेऊन या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पाजा, दुधातून फार कमी जाते. मुलगी पाजायची आणि पाजताना डोळे मिटून घ्यायची. दीड महिन्याची लेक घेऊन ती पांढुर्ण्याला गेली. जाताना माझ्या गळ्यात पडली नाही, पण खाली वाकून पाया पडली. आमच्यात एवढंच झालं.

वावरात आम्ही चुना टाकला. चुना पसरताना तांबडी माती पांढरी झाली आणि माझे पाय भाजले. यंदा तिथं पऱ्हाटी लावली आहे, कारण कापूस कोणी खात नाही. मॅडम म्हणाल्या, दर काही वर्षांनी माती तपासत राहा, चुन्याचा जोर ओसरला की ती पुन्हा आंबट होईल. म्हणजे मी गेल्यावरही कोणाला तरी हे करत राहावं लागणार. मुलीचे बाबा म्हणतात, विकून टाकू. मी म्हणते, विकत घेणाऱ्याला काय सांगायचं?

भाऊजींनी अजून पालक सोडलेला नाही. गाळाचे ट्रक आमच्याकडे येणं बंद झालं, पण परवा मोहगावच्या रस्त्याला एका वावरात काळे ढीग दिसले. बस थांबेना, म्हणून मी खिडकीतूनच त्या माणसाला हाक मारली. त्यानं ओळख असल्यासारखा हात वर केला.

मुलीचा फोन येतो. नात आता बसायला शिकली आहे. तिला ताप आला, दात आला, एखादे दिवशी दूध कमी प्यायली, की मुलगी विचारते, "आई, हे त्याच्यानं तर नसेल ना?"

"नाही वो माय," मी म्हणते. "लेकराले होतेच असं."

"तुले कसं माहीत?"

"माहीत आहे मले," मी म्हणते, आणि ती फोन ठेवेपर्यंत दुसरंच काहीबाही बोलत राहते.