सर्वात सक्रिय अस्वल

सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. अस्वलाच्या पिंजऱ्यामागच्या अरुंद खोलीत मावशी एका ओंडक्याला पाडलेल्या भोकांत गाजराचे तुकडे कोंबत होत्या. तोंडाने पुटपुटणं चालू होतं, पण ते अस्वलाशी नव्हतं. साहेबांशी होतं, आणि साहेब साडेदहाशिवाय उगवत नाहीत.

मावशींचं वय एक्कावन्न. बावीस वर्षं याच प्राणिसंग्रहालयात, त्यातली शेवटची सहा या एका अस्वलापाशी. नोंदीत ती मादी, वय सतरा, क्रमांक छप्पन. मावशी तिला ‘बाई’ म्हणतात. झाडलोट करणारे चिडवतात, “सासूला कधी एवढा मान दिला नसेल.” मावशींचं उत्तर ठरलेलं असतं: “सासू कंटाळली की शेजारी जाऊन बसते. हिने कुठे जायचं?”

बाई फेऱ्या मारते. खंदकाच्या कडेने अकरा पावलं, टोकाला मान डावीकडे झटकायची, वळायचं, परत अकरा पावलं. त्या पट्ट्यात गवताची काडी उरलेली नाही. कठड्यापलीकडून लोक म्हणतात, “बघ, कसं मस्त फिरतंय.” हे वाक्य मावशींनी इतक्यांदा ऐकलंय की आता त्या पाण्याचा पाइप जरा जास्तच जोरात सोडतात.

रोज साडेनऊला बाईला बाहेर सोडायचं आणि निजायच्या खोलीचं वरून खाली सरकणारं दार पाडायचं, ते साडेपाचला उघडायचं, असा नियम. मधले आठ तास ती उघड्यावर, सगळ्यांसमोर. जनावरांच्या डॉक्टरीणबाई दोन वर्षांपूर्वी आल्या तेव्हापासून हे दार दिवसभर उघडं ठेवा म्हणून मागे लागल्या होत्या. आत-बाहेर करणं बाईच्या मर्जीवर राहू द्या, एवढंच त्यांचं मागणं. शेवटी साहेबांनी आठ दिवसांची परवानगी दिली. अट एकच: निकाल रोजच्या नोंदींचा तक्ता लावेल. तक्ता म्हणेल ते कायम.

पहिल्या दिवशी बाईने दाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाच वेळा नुसतं डोकं आत घालून मागे घेतलं. दार अंगावर पडतं की काय, याची खात्री करत असावी. तिसऱ्या दिवशी ती आत गेली आणि दोन तास पाठ टेकून झोपली. मावशी फेऱ्या मोजत होत्या. आधी तासाला एकशे चाळीस व्हायच्या. सातव्या दिवशी वीस झाल्या. या दिवसांत तिने दोन ओंडके उकरले, टायर खंदकात ढकलला आणि एक पूर्ण दुपार पंजे चाटण्यात घालवली. मावशींना वाटलं, जिंकलो.

मग संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी तक्त्याची बेरीज केली. एरवी बाईला शंभरात एक्क्याण्णव गुण असायचे. या सात दिवसांत आले अडतीस.

तक्ता साधा आहे. दर दहा मिनिटांनी पाहायचं आणि खूण करायची. दिवसाला अठ्ठेचाळीस खुणा. रकाने तीन: सक्रिय, निष्क्रिय, दिसत नाही. फेऱ्या मारणारं जनावर सक्रिय. झोपलेलं निष्क्रिय. आत गेलेलं दिसत नाही, आणि बेरजेत ‘दिसत नाही’ म्हणजेही निष्क्रियच. सक्रिय जास्त म्हणजे प्राणी मजेत. गेली तीन वर्षं ‘सर्वात सक्रिय प्राणी’ म्हणून बाईचं प्रमाणपत्र साहेबांच्या भिंतीवर लागलंय. त्यामागची प्रत्येक खूण मावशींच्या हातची. दहा मिनिटं झाली, बाई चालतेय, सक्रिय. सहा वर्षं एकही खूण चुकवलेली नाही. प्रामाणिकपणाची हौस, दुसरं काय.

रात्री त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. तो घड्याळं दुरुस्त करतो. म्हणाला, “काटे फिरतायत एवढ्यावरून घड्याळ बरोबर आहे, असं थोडंच असतं?”

“हे सहा वर्षांपूर्वी सांगायचं होतंत.”

“सहा वर्षांत तो कागद दाखवलास कधी?”

यावर मावशींनी दिवा मालवला.

आज आठवा दिवस. अकरा वाजता त्या आणि डॉक्टरीणबाई साहेबांच्या खोलीत उभ्या होत्या. साहेबांनी तक्ता उलटसुलट केला.

“एक्क्याण्णववरून अडतीस. आणि तुम्ही म्हणता सुधारणा आहे.”

“फेऱ्या एकशे चाळीसच्या वीस झाल्यात, साहेब,” मावशींनी स्वतःची वही पुढे केली.

“फेऱ्यांचा रकाना कुठाय यात?”

“नाही, म्हणून तर वही.”

“वही अधिकृत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की एकाच रेषेत तासन्‌तास चालणं हे व्यायामाचं नाही, त्रासाचं लक्षण आहे. साहेबांनी ऐकून घेतलं. त्यांना हे पटत नव्हतं असं नाही, पण त्यांच्यासमोर आणखी एक कागद होता: आठवड्यातल्या अकरा तक्रारी, सगळ्या ‘अस्वल दिसलं नाही’ अशा.

“मावशी, लोक तिकीट काढून रिकामं अंगण बघायला येत नाहीत.”

“तुमच्या खोलीलाही दार आहे, साहेब. दिवसातून चारदा बंद असतं.”

डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

“मला कामं असतात.”

“तिलाही झोप असते.”

पाऊण तासाने मधला मार्ग निघाला. मधले मार्ग असतात तसाच: दार सकाळी उघडं राहील, पण एक वाजता पडेल. शाळांच्या सहली दुपारी येतात. नव्या रकान्यासाठी वरून मंजुरी लागेल. अर्ज करा, पुढच्या वर्षी बघू.

“मंजुरी येईपर्यंत फेऱ्यांना सक्रिय म्हणायचं?”

“तक्ता तसाच भरायचा. रकाना कोरा राहिला तर गुण शून्य धरतात, आणि खुलासा तुम्हाला द्यावा लागेल.”

“देईन की. प्रमाणपत्राचं तेवढं तुम्ही बघा.”

बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “निदान साडेतीन तास तरी मिळाले, मावशी.” मावशी म्हणाल्या, “हो, आणि साडेचार गेले.” त्यांनी पट्टी मागून घेतली, उद्याच्या कोऱ्या तक्त्यावर चौथी रेघ मारली आणि वर लिहिलं: फेऱ्या.

उद्या साडेनऊला दार उघडेल, एक वाजता पडेल. एक ते साडेपाच या वेळात सत्तावीस खुणा करायच्या आहेत. बाई कडेने चालत असेल तेव्हा मावशी ‘सक्रिय’चा रकाना कोरा सोडतील.